द्वारका म्हणणारी

पमे,

सकाळी दार उघडलं की समोर तुझं दार. तुझ्या भाच्यानं त्याला नवं कुलूप लावलंय. जुन्याची किल्ली माझ्याकडे असायची, ती आता नुसती खिळ्याला लटकते. आज दुधाची पिशवी हातात घेऊन मी तिथे जरा उभी राहिले. वाटलं, आता काहीतरी होईल, घशात आवंढा वगैरे येईल. काही झालं नाही. पिशवीचं पाणी पायावर ठिबकत होतं तेवढं कळलं. जीभ भाजल्यावर वरण काय आणि श्रीखंड काय, सगळं सारखंच लागतं, तसं चाललंय माझं.

खालच्या काकू रोज विचारून जातात. "रडून घ्या हो सुहासिनीताई, मोकळं वाटतं." मी म्हटलं, "बघते प्रयत्न करून." त्या जरा घाबरल्याच. बाईमाणसानं रडायला प्रयत्न करावा लागतो हे त्यांना पटेना. माझं तरी कुठे पटलंय. मालिकेतली सून माहेरी निघाली तरी पदर ओला करणारी मी. तू हसायचीस, म्हणायचीस, "नळ आहेस नळ, वॉशर गेलेला."

दहाव्याला गंगेवर, इथल्याच घाटावर, तुझा भाचा नांदगावहून सहकुटुंब आला होता. पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोर कठड्यावर बसलेला, मान वाकडी करून बघतोय, पण येत नाही. भाचा हात जोडून म्हणाला, "आत्या, फ्लॅट नीट ठेवीन." कावळा ढिम्म. त्याची बायको म्हणाली, "तुमच्या कुंड्यांना पाणी घालीन." तरी नाही. मग सगळे माझ्याकडे बघायला लागले. इतक्या वर्षांची मैत्रीण, हिला ठाऊक असणार जीव कशात अडकलाय ते.

ठाऊक होतंच. आपलं भांडण राहिलं होतं. "पमे, तुझंच खरं" एवढं म्हटलं असतं की झालं असतं. पण ते खोटं झालं असतं, आणि तुझ्यापुढे खोटं बोलायची सोय तू जिवंत असतानाही नव्हती. मी नुसते हात जोडले. तेवढ्यात कावळा आपला आपणच आला आणि भाताचा मोठा घास घेऊन गेला. म्हणजे एकतर तू मला माफ केलंस, नाहीतर त्याला भूक लागली होती.

तशी आपली ओळखही भांडणातूनच झाली की. आमचे हे तेव्हा सोसायटीचे चेअरमन, आणि मी चेअरमनीणबाई. काय तो तोरा माझा. जिना उतरताना पदर असा सोडायचे की जणू खाली मोटार उभी आहे. खाली उभी असायची यांची लुना. त्या दिवशी टाकी धुवायला काढली होती आणि नोटीस लिहायचं काम मी अंगावर घेतलं. मराठीत लिहिली असती तर सगळ्यांना कळली असती. पण मला कळवायचं नव्हतंच, दाखवायचं होतं. म्हणून इंग्रजीत लिहिली, Water is stoped from morning. खाली सही ठोकली, आणि तीन वेळा लांब जाऊन जाऊन बघून आले कशी दिसते ते.

संध्याकाळी बघते तर कोणीतरी लाल पेननं त्यात आणखी एक p घुसवलेला.

मी दारं वाजवत वाजवत तुझ्या दारापर्यंत आले. तुम्ही नुकतेच राहायला आलेले, म्हणजे तू आणि तुझी पुस्तकं. दार उघडलंस तेव्हा हातात मेथीची जुडी होती.

"आमच्या नोटिशीला हात कोणी लावला?"

"मी. p बिचारा एकटा पडला होता, म्हणून सोबत दिली."

"तुम्ही कोण सोबत देणाऱ्या?"

"इंग्रजीची बाई. आत या. नाव काय तुमचं?"

"सुहासिनी."

तू माझ्या दातांकडे बघितलंस. बघितलंस पमे, आता तिकडून नाही म्हणू नकोस. हे पुढे आलेले दात आणि त्यावर सुहासिनी नाव, सगळेच बघायचे. पण पुढचं कोणी विचारायचं नाही. तू विचारलंस.

"आणि आधीचं?"

"आधीचं म्हणजे?"

"लग्नाआधीचं. आपल्या वयाच्या बाईचं येवल्याकडे कोणी सुहासिनी ठेवत नव्हतं. बोलण्यावरून तिकडच्याच दिसता."

"द्वारका," मी म्हणून गेले, आणि म्हणून गेले म्हणून जास्तच चिडले.

"हां. मग बस द्वारका. मेथी निवडू लाग, तोवर p ची गोष्ट सांगते."

आणि मी बसले. भांडायला गेलेली बाई मेथी निवडून परत आली, हे यांना सांगितलं तेव्हा ते पेपर खाली ठेवून हसले होते.

त्या दिवसापासून तू मला द्वारकाच म्हटलंस. चारचौघांत, जिन्यात, भाजीवाल्यापुढे. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. त्यात आपल्या गावात द्वारका म्हणजे चौक. शालिमारला उभं राहावं तर रिक्षावाले ओरडतायत, "द्वारका, द्वारका, एक सीट द्वारका." तू कोपरानं ढोसायचीस, "जा गं, तुला बोलावतायत. एकच सीट आहे म्हणे."

मग तुझ्या दुपारच्या वर्गात मी मागे येऊन बसायला लागले. शाळा सुटलेल्या, सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देणाऱ्या मुली. कोणी दुकानात, कोणी धुण्याभांड्याला. तू त्यांना फुकट शिकवायचीस आणि वर बिस्किटं द्यायचीस. शिकवायचीस मात्र पुस्तकासारखं. शेवटी एक व्यंजन, त्याआधी एक स्वर, तर व्यंजनाचं द्वित्व. मुली माना डोलवायच्या आणि घरून stoped लिहून आणायच्या. मला त्यांचं दुःख कळायचं, मी त्यांच्यातलीच.

एके दिवशी मी मागून म्हटलं, "अगं, ती पाठराखीण आहे."

तू खडू धरून थांबलीस.

"stop बघ. लहानगी पोर, सोबतीला एकच स्वर. पहिल्यांदा सासरी चाललीय, ed कडे. एकटी कशी पाठवणार? म्हणून धाकटी बहीण पाठराखीण देतात, दुसरा p. आणि rain बघ. तिच्याबरोबर दोन दोन स्वर निघालेत, तिला कशाला पाठराखीण?"

मुली हसल्या, आणि दुसऱ्या दिवशी एकीचंही चुकलं नाही. तिथून ते वाढतच गेलं. hope च्या घरात e आधीच बसलेला, मग नुसता d आत घ्यायचा, एका घरात दोन सासवा कशाला. go चं went झालं कारण ती पळून गेली, घरचे ओळखसुद्धा दाखवत नाहीत. मला अडवायला तू visit आणलंस. एक स्वर, एक व्यंजन, मग हिला पाठराखीण का नाही? मी म्हटलं, "ती पाहुणी आहे. दोन दिवस राहून परत येणार, तिला कशाला लवाजमा." तू खुर्चीत बसून डोळे पुसेपर्यंत हसलीस. उच्चारात जोर कुठे पडतो त्यावर ते असतं, हे तू मुलींना नंतर नीट सांगितलंस. पण हसलीस आधी.

आणि put, cut, hit? काळ बदलला तरी जशाच्या तशा राहणाऱ्या? "या आमच्या पमामॅडमसारख्या," मी म्हटलं, "लग्नाच्या भानगडीतच पडल्या नाहीत." मुलींनी माना वह्यांत घातल्या. मला वाटलं, मेले आता. तू फळ्यावर put च्या खाली सही केल्यासारखी एक रेघ ओढलीस आणि म्हणालीस, "माझ्यामागे कोणाचा ed लागला नाही, हे मात्र खरं."

राहिली y.

y ची गोष्ट माझी सगळ्यांत लाडकी होती. y शेवटी उभी असते, नवरी. सासरी गेली की तिचं नाव बदलतात, i ठेवतात. cry ची cried होते, carry ची carried. पण शेजारी माहेरचा एखादा स्वर उभा असेल, play ला जसा a आहे, enjoy ला o आहे, तर सासरच्यांची हिंमत होत नाही. भावासमोर कोण नाव बदलणार? y ची y च राहते. मुलींच्या हे असं डोक्यात बसायचं की परीक्षेत पेपर बघून हसत सुटायच्या.

तूही कित्येक वर्षं माझ्याबरोबर हसलीस. मग रोशनी आली.

रोशनी पेठ तालुक्याकडची. इथे मेडिकलच्या दुकानात असते, औषधांची नावं आपल्या दोघींपेक्षा चांगली वाचते. वीस वर्षांची. लग्न ठरलं तिचं. दिवाळीनंतरच्या वर्गात मी y ची गोष्ट सांगितली आणि ती लाजत म्हणाली, "आजी, माझं पण बदलणार हाय. सासूबाई म्हणाल्या, तुला आवडेल ते सांग. तुम्ही सुचवा ना एखादं."

मला कोण आनंद. मी भराभर नावं सुचवायला लागले, चांगली फॅशनची. तू चष्मा काढून टेबलावर ठेवलास. तुझा चष्मा टेबलावर गेला की काहीतरी निघणार हे मला ठाऊक होतं, तरी मी आणखी दोन नावं सांगितली. ती तुला चिडवायलाच.

मुली गेल्यावर तू म्हणालीस, "हे आता बंद कर, द्वारका."

"काय बंद करू?"

"तुझी लग्नं. मुली स्पेलिंग शिकायला येतात आणि सासर शिकून जातात."

"स्पेलिंग येतं की नाही? तुझ्या द्वित्वानं येत होतं का?"

"y ला कोणी विचारलं का, नाव बदलू का म्हणून?"

"y ला बरं वाटलं. मला विचार, मी बसलेय ना तुझ्यासमोर."

"खोटं बोलतेस."

"अगं, पेढे वाटले मी."

"रोशनीला सांग की तुला वाईट वाटलं होतं. तुझ्या तोंडून ऐकेल ती. माझ्या तोंडून ऐकणार नाही, म्हणेल मॅडमना काय ठाऊक."

"वाईट वाटलं नव्हतं, तर कसं सांगू?"

तू चष्मा परत डोळ्यांवर चढवलास. मग विचारलंस, "तर मग मी द्वारका म्हटलं की वळून का बघतेस?"

मी तुझा कप आणि माझा कप उचलला, धुतला आणि घरी आले. पुढे आपण मोतीबिंदूचं बोललो, गॅसच्या सिलिंडरचं बोललो, संक्रांतीच्या वाणात काय द्यायचं ते बोललो. हे बोललो नाही. मला वाटलं, बोलू कधीतरी, दार समोरच तर आहे. आणि तू मात्र मला खोटारडी समजून निघून गेलीस.

म्हणून आता सांगते. ऐक, मधे बोलू नकोस. तेवढी सोय आता झालीय म्हणा.

येवल्याला आमच्या घरात माग होते, पैठणीचे. सकाळी डोळे उघडायच्या आत माझं नाव सुरू व्हायचं. द्वारके, कांड्या भर. द्वारके, रेशीम आवर. द्वारके, धाकट्याला घे. द्वारके, कुठे मेलीस. धागा तुटला की द्वारकी. पाहुणे आले की द्वारकी. घरात कोणी वाईट नव्हतं गं, माणसं जास्त होती आणि हात कमी होते. पण ते नाव नुसतं ऐकलं तरी माझ्या पाठीला कळ यायची. लग्नात तबकात तांदूळ पसरले, यांनी अंगठीनं त्यात नाव लिहिलं, सुहासिनी. मी वाकून वाचलं. आणि मला पहिलं काय वाटलं सांगू? या नावानं मला आजपर्यंत कोणी ओरडलेलं नाही.

करकरीत नाव. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. मी वेड्यासारखी खूश झाले. आरशासमोर उभी राहून स्वतःच स्वतःला हाका मारायचे, "सुहासिनी, इकडे या जरा." अहोजाहो करून. सासूबाईंनी एकदा ऐकलं, त्यांना वाटलं पोरीला वारं लागलं. आठवलं की आता लाज वाटते, पण तुला सांगते, तो आनंद खरा होता. तुझ्या पुस्तकात तो बसत नव्हता म्हणून तू त्याला खोटा म्हणालीस. त्याचा राग आहे मला. अजून आहे.

आणि वळून बघायचं म्हणशील, तर ते असं. तू जेव्हा "द्वारका" म्हणायचीस, तेव्हा पुढे काही काम नसायचं. "द्वारका, बस." "द्वारका, हे ऐक." "द्वारका, चंद्र बघितलास का." त्या नावापुढे आधी कोणी कधी बस म्हटलं नव्हतं. लहानपणापासून त्या नावानं जिला उठवलं, तिला तू त्याच नावानं बसवलंस. मग वळून बघणार नाही तर काय करणार?

हे त्या दिवशी सुचलं असतं तर दोघींचंही खरं झालं असतं. पण मला सगळं उशिरा सुचतं. इंग्रजीसुद्धा बघ ना किती उशिरा आलं.

काल वर्ग घेतला. घ्यायचा नव्हता, पण मुली आल्या. सवयीनं आधी तुझ्या दारापुढे चपला काढल्या, मग उचलून माझ्या दारापुढे आणून ठेवल्या. सुनेनं हॉलमधल्या खुर्च्या सरकवून दिल्या, नातीचा पांढरा फळा लावून दिला. मी भूतकाळाचीच उजळणी काढली, कारण दुसरं काही डोक्यात येत नव्हतं. stop, hope, rain लिहिलं. मग थांबले, पुढे y होती.

रोशनी म्हणाली, "आजी, मॅडम मला म्हणाल्या होत्या, नाव बदलायला नाय म्हण. तुम्ही म्हणत होता नवं घे. आता सासूबाई परत विचारतायत. मी काय करू? तुम्ही दोघींनी दोन सांगितलं आणि मॅडम तर..." पुढचं तिनं गिळलं.

पोरीचं लग्न आलंय तोंडावर आणि ती उत्तर मागतेय. तू असतीस तर मी तुझ्या विरुद्ध काहीतरी ठणकावून सांगितलं असतं, सवयीनं. काल विरुद्ध जायला कोणी नव्हतं. म्हणून मी खरं तेवढं सांगितलं. जे वर तुला सांगितलं तेच. माग, कांड्या, तांदूळ, आरसा. आणि मॅडम द्वारका म्हणायच्या तेव्हा कसं वाटायचं, तेही. आवाज माझा सपाटच होता, किराण्याची यादी वाचावी तसा. मुली मात्र हलल्या नाहीत.

रोशनीनं सगळं ऐकून घेतलं. ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाली, "म्हणजे तुम्हाला त्या नावानं लय राबवलं, म्हणून ते नको झालं."

"हो."

"मला तसं कोणी नाय राबवलं आजी. माझी माय रोशनी म्हणते तेव्हा चांगलंच वाटतं."

"मग?"

"मग कशाला सोडू? सांगते त्यांना, राहू द्या. नायच ऐकलं तर सांगेन, दहावीचा फॉर्म या नावानं गेलाय, बदललं तर निकाल अडकतो. निकालाला घाबरतात ते."

वर्ग हसला. मीही हसले असेन. पमे, तू जिंकलीस बरं का. पण मी काही खोटं बोलले नाही, हेही लिहून ठेव. आपण दोघी त्या मुलीला आपापलं उत्तर द्यायला निघालो होतो. तिला उत्तर नको होतं. तिला आपलं झालं काय, ते हवं होतं, आणि ते तुझ्या त्या एका प्रश्नामुळे माझ्या तोंडून निघालं. नाहीतर मी मेले असते तरी कोणाला आरशाचं सांगितलं नसतं. त्याबद्दल तुझे आभार मानायचेत. तू आभार मानू द्यायची नाहीस, म्हणून राहिले.

मग मागच्या रांगेतली एक म्हणाली, प्रेमानंच म्हणाली, "आजी, मॅडम तुम्हाला म्हणायच्या तसं आता आम्ही म्हणू का? द्वारका आजी?"

"नको," मी म्हटलं.

इतक्या झटकन की ती बिचारी दचकली. मी तिला जवळ घेऊन सांगितलं की मी सुहासिनी आहे गं, आवडतं मला ते नाव. त्यात खोटं काही नाही. पण पूर्ण खरं हे की द्वारका हे नाव आता कोणाला वापरायला द्यायचं नाही. येवल्याला त्या नावानं हाका मारणारे केव्हाच गेले, आता तूही गेलीस. ते तुझ्याबरोबर जाऊ दे. तिकडे कोणाला उगाच हाक मारावीशी वाटली तर तुझ्याजवळ असू दे.

मुलींना म्हटलं, चला, पुढचा शब्द. फळ्याकडे वळले. काहीतरी लिहायचं होतं, ते सुचेना. मग फळाच दिसेना. मी तिकडे तोंड करून तशीच उभी राहिले, आणि मुली शहाण्या, कोणी हाक मारली नाही.